बंधाऱ्याखाली अडलेली चढण : कुडाळ तालुक्यातल्या एका वहाळाचं प्रकरण

सह्याद्रीतून उतरलेली कर्ली नदी देवबाग-तारकर्लीपाशी समुद्राला मिळते. वाटेत तिला कितीतरी लहान वहाळ, म्हणजे ओढे, येऊन मिळतात. त्यांतल्या एका वहाळाची ही हकिगत आहे. गावाचं नाव देत नाही, कारण या प्रकरणात ज्यांच्यावर विनाकारण संशय घेतला गेला ती माणसं अजून तिथंच राहतात.

वहाळ मोठा नाही. आषाढात छातीभर पाणी, गणपतीत गुडघाभर. होळीनंतर धार आटते आणि ठिकठिकाणचे कोंड, म्हणजे डोह, तेवढे उरतात. खालची वाडी नदीच्या बाजूला, वरची वाडी डोंगराकडे. मधे भाताचे मळे आणि काठाने माड-पोफळीच्या बागा. मी वरच्या वाडीतला. आमच्या वाडीला सात-आठ वर्षं चढणीचा मासा जवळजवळ दिसतच नव्हता, आणि त्याच वर्षांत खालच्या वाडीला तो पूर्वीपेक्षा जास्त मिळत होता. वहाळ एकच, मधे चालत दहा मिनिटांचं अंतर. तरीही ही दोन वाक्यं कुणी एका दमात म्हटली नव्हती. वरची वाडी म्हणायची, वहाळ मेला. खालची म्हणायची, यंदा मासाच मासा.

चढण

ज्यांनी चढण पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगायला हवं. मेअखेर वहाळ म्हणजे सुटे सुटे कोंड असतात आणि त्यांत कोंडलेले मासे. मृगाचा पहिला दणका बसला की डोंगरावरून तांबडं, गार पाणी येतं, कोंड एकमेकांना जोडले जातात आणि मासे त्या पाण्याच्या उलट दिशेनं तोंड करून वर निघतात. खवळे, मळ्ये, शिंगटी, सगळे. माद्यांची पोटं गाबोळीनं, म्हणजे अंड्यांनी, तटतटलेली असतात. वहाळातून पऱ्यात, पऱ्यातून पाटात आणि तिथून बांधावरून पडणाऱ्या धारेवर उड्या मारत थेट भाताच्या खाचरात.

त्यांना खाचरच का हवं? तिथं पाणी उथळ आणि कोमट असतं, ओढ नसते, गिळायला टपलेला मोठा मासा नसतो. नांगरट झालेली, शेण पडलेलं, त्यामुळे पाण्यात किडे आणि सूक्ष्म जीव भरपूर. गवताच्या काड्यांना, चुडांना अंडी चिकटतात आणि लहान माशांची अंडी तर एक-दोन दिवसांत फुटतात. भाताचं खाचर ही माशांची बाळंतिणीची खोली आहे. आश्विनात कापणीसाठी शेतातलं पाणी सोडलं की बोटाएवढी झालेली पोरं त्या पाण्याबरोबर खाली उतरतात. ती उतरण. चढण आणि उतरण मिळून वहाळाचं वर्ष पुरं होतं.

माणसांच्या बाजूनंही या दिवसांना मोठं मोल आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी नौकांना समुद्रात मासेमारी बंद. बाजारात बर्फातला मासा नाहीतर सुकं. अशा वेळी रात्री पहिला पाऊस धरला की वाडीवाडीतून बॅटऱ्या बाहेर पडतात. कुणाकडे पाग (फेकायचं जाळं), कुणाकडे बांबूच्या कामट्यांचा सापळा, पोरांच्या हातात नुसती टोपली. उथळ धारेत कोयतीनं मासे मारणारेही असतात. मला ते कधीच आवडलं नाही, कारण कोयतीला गाबोळी आणि कणा यातला फरक कळत नाही. पहाटे परतल्यावर चुलीतली राख घेऊन शिंगट्यांचा बुळबुळीतपणा घासून काढायचा, काटे जपून मोडायचे आणि सोलं-तिरफळ घातलेलं तिखलं करायचं. चिखलाचा वास तिरफळापुढे टिकत नाही. हे तिखलं ज्या घरात वर्षानुवर्षं शिजत होतं तिथं ते थांबलं, तर ती साधी गोष्ट नव्हे.

संशयित

मासा गेला म्हटल्यावर कारणं शोधली गेलीच, आणि पहिलं नाव आलं विषाचं. त्याला आधार होता. एका उन्हाळ्यात देवळाखालच्या कोंडात मासे पांढरी पोटं वर करून तरंगले होते आणि पाण्याला विहिरीत टाकतात त्या टीसीएल पावडरीचा उग्र वास होता. पूर्वी गेळाची फळं किंवा रामेठ्याची साल ठेचून पाण्यात कालवायचे. त्यानं मासा गुंगतो, पण पाणी थोडं वाहतं झालं की परिणाम ओसरतो. पावडर आणि बागेतली कीटकनाशकं या निराळ्या चिजा. त्यांनी मासा मरतोच, शिवाय बेडकाची पिल्लं, झिंगे, कुर्ल्या, माशांच्या खाद्याचे किडे सगळं साफ होतं. तेच पाणी गुरं पितात. पाण्यात विष कालवून मासे मारणं हा १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा.

पण वरच्या वाडीनं पुढची पायरी घेतली. एका घराचं नाव धरलं. पुरावा काही नव्हता. त्या घरातला मुलगा कोंडाकडे जाताना कुणाला तरी दिसला होता, एवढंच. त्यानंतर दोन वर्षं शिमग्यात घरोघर नाचत फिरणारे खेळे त्या अंगणात गेले नाहीत.

दुसरा संशय वरच्या अंगाला असलेल्या चिरेखाणीवर. खाणीतली तांबडी माती पावसात वहाळात येते आणि अंडी जिथं चिकटायची त्या गोट्यांवर थर बसतो, हे खरंच आहे. तिसरा संशय खालच्या वाडीवर. ते सगळे मासे ओरबाडतात, म्हणून आम्हाला उरत नाहीत.

तिन्ही कारणांत तथ्य होतं, पण एकानंही कोडं सुटत नव्हतं. विषाचंच बघा. कोकणातला असा वहाळ दर उन्हाळ्यात मरणाच्या दारात जातोच. कोंड आटतात, खंड्या आणि बगळे उरलेला मासा टिपतात, माणसं कोंड शिंपून घेतात. तरी मृगात वहाळ पुन्हा भरतो, कारण बी खालून, मोठ्या नदीतून येतं. मग एका कोंडातलं एका उन्हाळ्याचं विष सात-आठ वर्षं कसं पुरेल? खाणीची माती तर वरपासून खालपर्यंत सारखीच वाहते, मग खालच्या वाडीला मासा कसा? आणि खालची वाडी आजच मासे धरायला लागली असं थोडंच आहे? त्यांच्या आज्या-पणज्याही धरत होत्या.

कोण उरलं, कोण गेलं

प्रकरण सुटायला सुरुवात झाली ती मासा किती उरला हा प्रश्न सोडून कुठला मासा उरला हे विचारल्यावर. आम्ही काही जणांनी वरच्या वाडीतल्या कोंडांत गरी टाकून, टोपल्या लावून आणि गुरं राखणाऱ्या पोरांना विचारून हे पाहिलं. पोरांइतकी अचूक माहिती दुसऱ्या कुणाकडे नसते.

खवळे एकही नाही. शिंगटी नाही. मळ्या तुरळक, पण होता. डोक पूर्वीसारखाच. आणि दोन वाड्यांमधल्या बंधाऱ्याच्या फुगवट्यात, म्हणजे त्याच्यामागे साचलेल्या पाण्यात, पूर्वी कधीच नसलेली चिलापी (तिलापिया), भरपूर.

या यादीकडे नीट पाहिलं की उत्तर त्यातच आहे. डोक हा मरळीच्या जातीचा लहान मासा. हवेतून श्वास घेतो, ओल्या गवतातून सरपटत बांध ओलांडतो, आणि त्याची अंडी-पिल्लं नर तोंडात सांभाळतो. त्याला अंडी घालायला खाचर गाठावंच लागतं असं नाही. चिलापी ही आफ्रिकेतून आणलेली; भारतात ती १९५२ मध्ये आली. तिची मादी अंडी तोंडात ठेवते. साचलेलं कोमट पाणी मिळालं की ती वर्षातून अनेकदा वीण करते. आमच्याकडे ती बहुधा कुणाच्या तरी शेततळ्यातून सुटून आली. मळ्याच्या हनुवटीखाली चकती असते, तिनं खडकाला चिकटून तो ओल्या कातळावरूनही चढतो. म्हणून तो थोडा तरी वर पोचला. खवळ्याला आणि शिंगटीला यातलं काही येत नाही. त्यांना वाहत्या पाण्याची सलग वाट लागते.

म्हणजे ज्यांना चढणीची गरज नाही किंवा ज्यांना भिंत चढता येते तेवढे राहिले. ज्यांना वाट हवी ते गेले. अशी निवड विष करत नाही, मातीही करत नाही. ती फक्त आडवी भिंत करू शकते, आणि आमच्या वहाळात एकच भिंत होती.

पूर्वी दोन्ही वाड्यांच्या मधे दरवर्षी कार्तिकात कच्चा बंधारा घातला जायचा. धोंडे, माती, झाडाचे टाळे. घरटी एक माणूस. पहिल्या पुरात तो वाहून जायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा घालायचा. मग तिथं कोल्हापुरी पद्धतीचा लहानसा पक्का बंधारा झाला. तीन गाळे, खांबांना खाचा, खाचांत बरग्यांच्या, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या आडव्या फळ्यांच्या, दोन ओळी आणि मधे माती ठासायची, अशी त्याची रचना. उंची साधारण दीड मीटर. बंधारा उपकारकच ठरला, हेही लिहिलं पाहिजे. वरच्या विहिरींना मेपर्यंत पाणी राहू लागलं, काही बागा त्याच्यामुळे जगल्या.

या पद्धतीच्या बंधाऱ्याचा सगळा मुद्दा असा की बरगे पावसाळ्याआधी काढायचे आणि पाऊस संपताना पुन्हा घालायचे. पहिली काही वर्षं ते झालं. मग कुणी काढायचे यावर चालढकल सुरू झाली. मधल्या काळात काही लोखंडी बरगे चोरीला गेले. उरलेल्यांना जपायचं म्हणून ते खाचांतच ठेवले गेले. मागे गाळ साचला, बरगे घट्ट बसले आणि बारमाही भिंत तयार झाली. आमच्या वाडीतला मासा संपण्याची वर्षं आणि बरगे न निघाल्याची वर्षं जुळवून पाहिली तेव्हा ती तंतोतंत एक निघाली.

पहिल्या पावसाच्या रात्री बंधाऱ्याच्या पायथ्याशी उभं राहिलं की बाकी काही सिद्ध करावं लागत नाही. माथ्यावरून पाण्याचा पातळ पडदा खाली येतो. खाली काँक्रीटचा सपाट ओटा, त्यावर घोट्याएवढं पसरलेलं पाणी. खवळे त्या ओट्यावर येऊन उडी घेतात, भिंतीला पोट घासून खाली पडतात, आडवे होतात, पुन्हा सरळ होऊन उडी घेतात. नैसर्गिक धबधब्याखाली नेहमी कोंड असतो. मासा त्या खोल पाण्यातून वेग घेऊन उसळतो. इथं वेग घ्यायला खोलीच नाही. आणि ओट्याच्या तिन्ही बाजूंना खालच्या वाडीची माणसं, पाग आणि टोपल्या घेऊन. खालच्या वाडीला पूर्वीपेक्षा जास्त मासा का मिळत होता त्याचं उत्तर हे. वरच्या वाडीत जाणारा सगळा मासा त्या ओट्यावर अडकून त्यांच्या हाती लागत होता. त्यांनी काही वेगळं केलं नव्हतं. मासा समोर आला, त्यांनी धरला.

सभामंडपातली बैठक

देवळाच्या सभामंडपात दोन्ही वाड्या बसल्या. बरगे मेअखेर काढायचे हा प्रस्ताव, आणि पहिला विरोध आमच्याच वाडीतल्या बागायतदार काकांचा : "बरगे मे म्हयन्यात काढलास तर माज्या माडांका पाणी खंयसून घालू? पावस तुमच्या सांगण्यान येता काय?"

हा प्रश्न रास्त होता. पाऊस पंधरा दिवस लांबला तर पोफळी करपतात. माशासाठी बाग जाळा, असं कुणी म्हणू नये आणि आम्हीही म्हटलं नाही.

कुणीतरी म्हणालं, बंधारा राहू दे, मासेच धरू नका, आपले पूर्वज नाही का नियम पाळायचे? त्यावर खालच्या वाडीतले वयानं सगळ्यांत मोठे आजोबा बोलले ते मला फार मोलाचं वाटतं. "पयल्या पावसाचे मासे धरू नकात, असा आमच्या म्हाताऱ्यांनी कधी सांगूक नाय. तेंच्या वखताक बंधारोच पावसात ऱ्हवा नाय, म्हणान मासो वर जाय." जुन्या काळच्या संयमाबद्दल आपण बरंच गोड बोलतो. इथं तरी वहाळ टिकला तो कच्च्या बंधाऱ्यामुळे. माणसं तेव्हाही पोटभर धरत होती, पण निम्म्याहून जास्त मासा त्यांच्या हातून निसटून वर जात होता.

तिसरी बाजू खालच्या वाडीतल्या काकींची. त्या चढणीचा मासा तिठ्यावर वाटे लावून विकतात. "माका सगळ्या वर्साचे पैसे त्या चार दिसांत गावतत," त्या म्हणाल्या. "तुमका मासो होयो, माका मीठ-मिरची होयी." सभामंडपात थोडा वेळ कुणी बोललं नाही.

शेवटी जे ठरलं ते असं. मधल्या गाळ्याचे बरगे रोहिणी नक्षत्र लागताना, म्हणजे २५ मेच्या सुमाराला, निम्मे उतरवायचे. उरलेलं पाणी बागांना पुरतं. दमदार पाऊस सुरू झाला की त्याच दिवशी तिन्ही गाळे मोकळे करायचे. बरगे देवळाच्या मागच्या खोलीत कुलपात. चढणीच्या पहिल्या दोन रात्री ओट्यावर आणि खाली वडापर्यंत कुणी मासा धरायचा नाही. तिसऱ्या दिवसापासून गरी, पाग, सापळा सगळं चालेल. कोयती, पावडर आणि बॅटरीचा करंट कधीच नाही. देवळाखालचा कोंड उन्हाळ्यात शिंपायचा नाही. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या वाळण कोंडात देवाचे म्हणून मासे राखले जातात, त्याचा दाखला कुणीतरी दिला आणि तो लोकांना पटला. ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालून या गोष्टी तिच्या कानावर घातल्या गेल्या. आमच्याकडे कागदावरच्या सहीपेक्षा गाऱ्हाण्याला लोक जास्त जुमानतात.

काकींसाठी आश्विनातल्या उतरणीच्या वेळी बंधाऱ्याच्या एका गाळ्यात सापळा लावण्याचा हक्क एकट्या त्यांना दिला. ही भरपाई पुरेशी आहे असं मला वाटत नाही. उतरणीचा मासा लहान असतो आणि तोवर समुद्राचा मासा बाजारात आलेला असतो, भाव पडलेला. दोन वाड्यांच्या सोयीची किंमत एका घरानं जास्त भरली, आणि हा हिशेब अजून मिटलेला नाही.

त्यानंतर

बरगे निघेनात. पहारीनं गाळ उकरून, खांबाला दोर बांधून, दहा-बारा माणसांनी ओढले तेव्हा पहिला बरगा हलला. दोन वाकले. नंतर खाचा घासून त्यांना ग्रीस लावलं, आणि आता दोन माणसं ते काम करतात.

बरगे काढूनही एक अडचण राहिली. गाळ्याचा उंबरठा ओट्यापेक्षा हातभर उंच. मोठा खवळा तेवढा चढतो, शिंगटी चढत नाही. म्हणून मधल्या गाळ्याखाली वहाळातलेच धोंडे रचून पायऱ्यांचा उतार केला, प्रत्येक पायरीला खड्डा ठेवून, म्हणजे मासा तिथं दम खाईल. पहिल्याच आषाढात तो पुरात गेला. दुसऱ्या वर्षी मोठे धोंडे घेतले आणि ते गोलाकार, एकमेकांत अडकतील असे बसवले. तेही थोडे सरकले, पण उतार राहिला.

पहिल्या वर्षी श्रावणात वरच्या मळ्यात बेणणी करणाऱ्या बायकांच्या पायाशी खवळ्यांची पिल्लं दिसली. दुसऱ्या वर्षी शिंगटी आली. ती कळली ती एका पोराच्या तळव्यात काटा घुसल्यावर. फुगवटा पावसाळ्यात मोकळा होत असल्यानं चिलापी कमी झाली आहे, संपलेली नाही आणि संपेल असं दिसत नाही. पहिल्या दोन रात्रींचा नियम बहुतेक पाळला जातो. शेजारच्या गावातून मोटरसायकलवर येणाऱ्यांशी एकदा बाचाबाची झाली. ज्या घरावर विषाचा आळ होता, त्या घरी यंदाच्या शिमग्यात खेळे गेले. झाल्या गोष्टीबद्दल मात्र त्यांच्याशी उघडपणे कुणी बोललं नाही, आणि ते बोलायला हवं.

आता मासा वरच्या वाडीच्या मध्यापर्यंत येतो आणि रस्त्याच्या मोरीपाशी थांबतो. तिथं सिमेंटचा पाइप टाकलेला आहे. पाइपाच्या तोंडाखालची माती पुरानं खणून गेली, त्यामुळे तोंड पाण्यापासून कंबरभर वर लटकतं आणि आत पाणी घसरगुंडीसारखं वेगानं येतं. त्याच्यापलीकडे वाडीतली सर्वांत चांगली खाचरं आहेत. पाइप काढून तिथं तळ मोकळा ठेवणारी स्लॅबची मोरी बांधावी, आणि तोवर पाइपाखाली धोंडे भरून पाणी वर उचलावं, असा अर्ज ग्रामसभेत दिला आहे. बागायतदार काकांनी त्याच्यावर पहिली सही केली आहे. धोंडे भरण्याचं काम मंजुरीची वाट न बघता रोहिणीच्या आधी उरकायचं ठरलं आहे, आणि त्याला खालच्या वाडीतून माणसं येणार आहेत.